एक्सेलची रेघ वाकडी करायची तर

गेल्या वर्षी ऑक्टोबरात एका ग्रामसभेत माझा आलेख उलटा वाचला गेला. चूक वाचणाऱ्यांची नव्हती, माझी होती.

मी लातूरला राहते. पाणलोटाचं काम करणाऱ्या एका लहानशा संस्थेत आकडे सांभाळणं हे माझं काम. औसा तालुक्यातल्या सात गावांत मिळून त्रेसष्ट विहिरी आम्ही दर महिन्याला मोजतो. मोजतो म्हणजे टेपच्या टोकाला वजन बांधायचं, काठावरून खाली सोडायचं, पाण्याला टेकल्याचा टप्प आवाज ऐकायचा आणि वहीत लिहायचं की पाणी जमिनीपासून इतके मीटर खाली. जुनी माणसं अजून परसात बोलतात. "चार परस पानी हाय," असं सांगतात. एक परस म्हणजे साधारण पुरुषभर उंची. पण ती माणसं पाणी किती आहे ते सांगतात, किती खाली गेलंय ते नाही. हा फरक माझ्या तेव्हाच डोक्यात यायला हवा होता.

तर ऑक्टोबरात पाणी ३ मीटरवर, मेमध्ये ११ मीटरवर. हे आकडे एक्सेलला दिले की रेघ डावीकडून उजवीकडे चढत जाते. मी ती चढू दिली. शिवाय थ्रीडी केली, निळ्याच्या दोन छटा भरल्या, खाली सावली टाकली आणि सहा बाय चार फुटांचा फ्लेक्स करून मारुतीच्या देवळासमोर लावला. पहिल्या रांगेतला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "बरंय की ओ, उन्हाळ्यात पानी वर यायलंय."

मी समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणी काही विचारलं नाही, चहा झाला, सभा उठली. जाताना एका आबांनी फ्लेक्सवरून हात फिरवला. म्हणाले, "छापून आलंय म्हंजी बरोबरच असंल. आमी काय बोलावं त्यात?"

फ्लेक्सच्या तळाला ठळक अक्षरात होतं: गावाची पाण्याची तूट ६४.३७ टीसीएम. टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, म्हणजे दहा लाख लिटर. आता हे पॉइंट सदतीस आलं कुठून? उसाचं क्षेत्र कागदावरून घेतलेलं, मुरणाऱ्या पाण्याची टक्केवारी ढोबळ धरलेली, दोन विहिरींचे आकडे तर चक्क फोनवर विचारलेले. सगळा अंदाजपंचे कारभार, आणि मी त्याला पॉइंट सदतीसचा कोट-टाय घालून देवळासमोर उभा केला होता. आबा बिचारे त्याच्याशी काय भांडणार!

त्याच महिन्यात दुसऱ्या एका गावात बैठक होती. हे गाव १९९३ च्या भूकंपानंतर नव्याने वसलेलं, गल्ल्या पट्टीने आखलेल्या. वरून पाहिलं तर एक्सेलची शीटच वाटावी. बैठकीला दहा मिनिटं राहिली आणि लाईट गेली. प्रोजेक्टर गप्प. मग शाळेतून एक पांढरं कार्डशीट आणि दोन स्केचपेन मागवले आणि आठवेल तशी विहीर काढायला घेतली. माझी चित्रकला म्हणजे शाळेत बाई म्हणायच्या, तुझं वर्तुळ वांग्यासारखं येतं. पण काढता काढताच लोक सरकून पुढे आले. "नाल्याकडची धरली का?" "फेब्रुवारीत एवढं नव्हतं बगा." एका पोराने तर माझ्या हातातून पेन घेतला. दीड तास कडाकडा भांडण झालं आणि वहीत चार दुरुस्त्या झाल्या.

ही काही माझ्या एकटीची जादू नव्हे. लंडनच्या सिटी विद्यापीठातले जो वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली हेच तपासून पाहिलं होतं. हाताने काढल्यासारखे दिसणारे आलेख त्यांनी लोकांपुढे ठेवले. निघालं असं की आलेख उघडउघड हाताने काढल्यासारखा असला तर लोक त्यात जास्त रमण्याची आणि त्यावर आपल्या खुणा-टिपा करायला जास्त राजी होण्याची शक्यता दिसते. पण त्याच अभ्यासात दुसरंही निघालं: असल्या आकारांच्या क्षेत्रफळाची तुलना करताना डोळा फसतो. पहिलं वाचून मी खूश झाले. दुसरं मला नंतर उसाच्या वेळी उपयोगी पडलं, ते पुढे सांगते.

आता त्रेसष्ट विहिरींचे आलेख दर महिन्याला हाताने काढणं काही शक्य नाही. म्हणून ठरवलं, एक्सेललाच हात थोडा ढिला सोडायला शिकवू.

पहिलं काम सोपं. उभ्या अक्षावर उजवी क्लिक, फॉरमॅट ॲक्सिस, आणि 'व्हॅल्यूज इन रिव्हर्स ऑर्डर' वर टिक. शून्य वर गेलं, बारा खाली आलं आणि रेघ उतरायला लागली. पण त्याबरोबर महिन्यांचा आडवा अक्ष टुणकन उडी मारून आलेखाच्या डोक्यावर जाऊन बसला. मला वाटलं बिघडलं काहीतरी. पाचेक मिनिटं तो खाली आणायची खटपट केली आणि मग लख्ख दिसलं, अगं, ही तर जमीन! शून्य मीटर म्हणजे विहिरीचा काठ. महिने जमिनीवर लिहिलेले आणि पाणी त्याखाली. मग त्या रेघेवर चार गवताच्या काड्या काढल्या. खाली दोन मीटरपर्यंत काळी माती, तिथून पुढे ठिपक्याठिपक्यांचा मुरूम आणि तळाला काळा खडक, असे पट्टे मागे टाकले. ज्यांनी विहिरी खोदल्यात त्यांना हे पट्टे समजावून सांगावे लागत नाहीत. उलट तेच सांगतात, "आमच्याकडं मुरूम पाच मीटरला सुरू होतो, खाली घ्या त्याला."

खरी गंमत रेघेची. एक्सेलची रेघ म्हणजे एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत ताणलेली तार. हाताची रेघ तशी जात नाही. म्हणून ऑक्टोबर आणि नोव्हेंबर यांच्यामध्ये मी पाच खोटे ठिपके घातले, सारख्या अंतरावर. मग रँड हे फंक्शन घेतलं. ते शून्य ते एकमधला कुठलाही आकडा देतं. त्यातून अर्धा वजा केला की कधी उणे येतं, कधी अधिक. त्याला हव्या त्या आकड्याने गुणायचं आणि खोट्या ठिपक्यांमध्ये मिळवायचं. चार्टचा प्रकार स्कॅटर, आणि त्यातही गुळगुळीत रेघेचा.

पहिल्यांदा मी एकने गुणलं, म्हणजे अर्धा मीटर वर, अर्धा मीटर खाली. विहिरीचा ईसीजी निघाला. घरच्यांनी बघून विचारलं, "पेशंट वाचला का?" मग गुणाकार कमी केला तरी ते हाताने काढल्यासारखं दिसेना, कापऱ्या हाताने काढल्यासारखं दिसे. दोन रात्री त्यात गेल्या. शेवटी मुलीच्या वहीतली पेन्सिलची एक आडवी रेघ डोळ्याजवळ धरून पाहिली. हात दर मिलिमीटरला थरथरत नाही. तो हळूच वर चढतो, बराच वेळ वरच राहतो, मग त्याच्या लक्षात येतं आणि खाली येतो. म्हणजे शेजारशेजारच्या ठिपक्यांच्या चुका एकमेकींच्या नात्यातल्या असतात. मग रँडचे आकडे एका वेगळ्या रकान्यात घेतले, प्रत्येकाची त्याच्या मागच्या आणि पुढच्या आकड्याबरोबर सरासरी काढली आणि ती सरासरी रेघेत मिळवली. आता जमलं. रेघ वाकडी, पण निवांत. हेलकावा दहा-बारा सेंटिमीटरपेक्षा जास्त होऊ द्यायचा नाही एवढं मात्र पाहते. बारा मीटरच्या आलेखात तेवढ्याने डोळ्याला हात जाणवतो आणि अर्थ बदलत नाही.

मोजलेले खरे आकडे मी या वाकडेपणात येऊ देत नाही. त्यांची वेगळी सिरीज, नुसते ठसठशीत ठिपके, रेघ नाही. ठिपका जिथे मोजला तिथेच. रेघ त्याच्या आजूबाजूने गेली तर जाऊ दे. दोन मोजण्यांच्या मध्ये पाणी नेमकं कुठे होतं ते आम्ही पाहिलेलंच नसतं, तिथे तारेसारखी सरळ रेघ ओढणं हाच खरं तर आगाऊपणा.

रँडची एक खोड आहे. शीटमध्ये कुठेही काहीही टाइप केलं की ते नवा आकडा देतं. तुम्ही गावाचं नाव लिहिता आणि तिकडे रेघ अंगावर काटा आल्यासारखी हलते. बघायला मजा येते, पण यानेच मला तोंडावर पाडलं. एका महिन्याच्या अहवालात घाईघाईत मी खऱ्या रकान्याऐवजी वाकड्या रकान्याची सरासरी लावली. सकाळी छापलेल्या प्रतीत आणि संध्याकाळी मेलने पाठवलेल्या प्रतीत एकाच विहिरीची सरासरी वेगळी. साहेबांनी दोन्ही कागद समोर ठेवले आणि शांतपणे विचारलं, "दुपारी पाऊस झाला का?" तेव्हापासून वाकडा रकाना तयार झाला की कॉपी करून लगेच पेस्ट स्पेशलमधून नुसत्या व्हॅल्यूज चिकटवते. रँड तिथेच मरतं. आणि त्या शीटचं नावच 'सोंग' ठेवलंय, म्हणजे चुकूनही तिथून कुणी आकडा उचलायला नको.

दोन विहिरी एका आलेखात असल्या की रेघा एकमेकींना छेदतात आणि गुंता होतो. त्यावर युक्ती अशी की वरून जाणाऱ्या रेघेची तीच सिरीज दोनदा घ्यायची. खालची पांढरी, आठ पॉइंट जाड. वरची गडद, अडीच पॉइंट. छेदाच्या जागी पांढऱ्या रेघेमुळे बारीकशी फट पडते, रांगोळीत एक दोरी दुसरीच्या खालून गेल्यासारखी दाखवतो ना, अगदी तशी.

अक्षरं हा मोठा प्रश्न होता. वाकड्या रेघेशेजारी छापील मंगल फॉन्ट म्हणजे लग्नात वकिलाचा काळा कोट. गूगल फॉन्ट्सवर कलम नावाचा फॉन्ट फुकट मिळतो, अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा. देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरं त्यात आहेत आणि ती खरोखर कुणीतरी वहीत पटपट लिहिल्यासारखी दिसतात. एक काळजी घ्यायची: ज्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही तिथे फाईल उघडली की सोंग गळून पडतं. मी आता पीडीएफच पाठवते. बाकी खालच्या चौकटीतली रंगांची यादी, मागच्या जाळीच्या रेघा, बाहेरची चौकट हे सगळं उडवून टाकायचं. विहिरीचं नाव थेट रेघेच्या शेपटाला लिहायचं.

नव्या मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये नुसत्या आकारांच्या कडांना 'स्केच्ड' असा तयार पर्याय येतो. माझ्या संस्थेच्या लॅपटॉपवर तो नाही, तो लॅपटॉप चालू होतो हेच खूप.

दिवाळीत भाचा नांदेडहून आला, इंजिनिअरिंगला आहे. माझी दोन रात्रींची कहाणी ऐकून म्हणाला, "मावशी, एका ओळीचं काम आहे हे." पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत मॅटप्लॉटलिब हे आलेख काढायचं साधन आहे, त्यात एक्सकेसीडी नावाचं फंक्शन आहे, २०१३ च्या १.३ आवृत्तीपासून. रँडल मन्रो यांच्या काडीमाणसांच्या त्याच नावाच्या इंटरनेटवरच्या चित्रमालिकेवरून ते नाव. त्याने ती एक ओळ लिहिली आणि खरंच, माझ्यापेक्षा झकास रेघ आली. मग मी म्हटलं, आता नाव लिही, 'पाटलाची विहीर'. त्याच्या लॅपटॉपवर 'विहीर' मधल्या 'वि' ची वेलांटी 'व' च्या मागे जाऊन बसली आणि बाकीच्या नावांतली जोडाक्षरं तर हातपाय मोडून पडली. पठ्ठ्या तासभर झगडला. मी तोवर चिवडा भाजला. एक्सकॅलिड्रॉ या चित्रं काढायच्या वेबसाईटवर एक्सेलचे दोन रकाने नुसते चिकटवले की छान हातचा आलेख होतो हेही त्यानेच दाखवलं. पण तिथेही मराठी लिहिलं की अक्षरं छापील. आपली भाषा लिहिणाऱ्याला सोंगसुद्धा स्वतःच रंगवावं लागतं.

खांबांचे आलेख मला रेघेपेक्षा सोपे गेले. कोऱ्या कागदावर पेन्सिलने तिरप्या रेघांचा एक गिचमिड चौकोन काढायचा, मोबाईलने फोटो घ्यायचा, उजळपणा वाढवून कागदाचा करडेपणा घालवायचा. तो फोटो कॉपी करायचा, आलेखातला खांब निवडायचा आणि कंट्रोल व्ही. खांब पेन्सिलने भरतो. पण एक्सेल तो फोटो खांबाच्या उंचीप्रमाणे ताणतं, त्यामुळे उंच खांबातल्या रेघा शेवयांसारख्या लांब होतात. फिलच्या पर्यायांत 'स्ट्रेच' ऐवजी 'स्टॅक' केलं की ताणण्याऐवजी एकावर एक रचतं. खांबाची बाहेरची कड काढून टाकायची, कारण तीच तेवढी पट्टीने मारलेली दिसते आणि चोरी पकडली जाते. मला हौस म्हणून मी चार खांबांसाठी चार वेगळे चौकोन काढले. खांबावर दोनदा सावकाश क्लिक केलं की तेवढा एकच निवडला जातो.

त्याच यादीत तिसरा पर्याय आहे, 'स्टॅक अँड स्केल विथ'. एक चित्र म्हणजे किती, ते तुम्ही सांगायचं. इथे मला रेल्वे सुचली.

लातूरकराला टीसीएम सांगून काही होत नाही, रेल्वे सांगितली की अंगावर येते. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची गाडी आली. १२ तारखेला पहिली आली ती दहा टाक्यांची, पाच लाख लिटरची. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या आल्या, एका खेपेला पंचवीस लाख लिटर. ती गाडी इथल्या प्रत्येकाने पाहिली आहे किंवा पाहिल्याचं सांगतो तरी. म्हणून मी एक वेडंवाकडं इंजिन आणि मागे चार टाक्या काढल्या आणि ठरवलं, हे एक चित्र म्हणजे पन्नास टाक्यांची अख्खी गाडी. आता हिशेब बघा. अडीच हजारांच्या आतबाहेरचं गाव, समजा २४०० माणसं, माणशी रोज ५५ लिटर. वर्षाचे झाले ४ कोटी ८२ लाख लिटर. म्हणजे एकोणीस गाड्या आणि वर थोडं. आणि पाऊस? एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. आठशे हेक्टर शिवारावर एका मिलिमीटरचे ऐंशी लाख. नुसती भुरभुर झाली तरी तीन गाड्या शिवारात उतरल्या. हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा मागे उभं असलेलं एक पोरगं मोठ्याने म्हणालं, "मग त्या गाड्या जायलेत कुटं?" सहा महिन्यांच्या प्रशिक्षणात आम्ही ज्या प्रश्नाला पोचत नाही तो हा.

उसाचा खांब मात्र कागदात मावेना. पिण्याच्या पाण्याच्या एकोणीस गाड्यांचा खांब शेजारी असा बुटका दिसू लागला की सभेत उसवाल्यांची तोंडं फिरली असती. मोह झाला की उसासाठी रुंद आणि बुटकं इंजिन काढावं, क्षेत्रफळात बसवून टाकावं. पण ते वर सांगितलेलं आठवलं, वाकड्या आकारात क्षेत्रफळ डोळ्याला नीट कळत नाही. म्हणून सगळे खांब एकाच रुंदीचे, एकाच पायावर उभे, आणि डोक्यावर गाड्यांचा आकडा स्वच्छ लिहिलेला. कागदाला वरून दुसरा कागद चिकटवला. उसाचा खांब घडी उलगडून दाखवावा लागतो. दाखवते.

या ऑक्टोबरात त्याच मारुतीच्या देवळासमोर पुन्हा सभा झाली. यंदा फ्लेक्स नाही. साध्या कागदावर मोठी प्रिंट काढून दोरीला चिमट्यांनी टांगली आणि खाली स्केचपेनचा डबा ठेवला. पहिली दहा मिनिटं काहीच नाही. मग बायकांच्या बाजूने एक आक्का उठल्या, पदर खोचला, नाल्याकडच्या विहिरीच्या आलेखापाशी गेल्या आणि बोट ठेवलं.

"ताई, हा एप्रिलचा ठिपका चुकलाय."

मी म्हटलं, आक्का, तो मोजलेला आहे. बाकी रेघ अंदाजाची असेल, पण ठिपके पक्के आहेत.

"मोजला असंल की. पन तुमचं मानूस कवा आलं? सकाळी सातला. त्या आठवड्यात आमची लाईट रातची व्हती. मोटार रातभर चालू. सकाळी पानी खाली दिसनारच की ओ. दुपारी बगितलं असतं तर परसभर वर असतं."

दोघा-तिघांनी दुजोरा दिला. मी वही काढली: एप्रिल, वेळ सकाळी ७.१०, १०.४ मीटर. आणि याच ठिपक्याशेजारी मी कलम फॉन्टात हौसेने लिहिलं होतं, 'इथून पाणी झपाट्याने उतरलं', आणि मनात त्याचं खापर शेजारी पडलेल्या नव्या बोअरवर फोडूनही झालं होतं. तो बोअरवाला मामा सभेत कडेला मान खाली घालून बसला होता. आक्कांनी लाल पेनाने माझ्या ठिपक्यावर फुली मारली आणि बोटं लावून अंतर मोजत वर नवा ठिपका दिला, ८.८ च्या आसपास. मार्च, एप्रिल, मे एका उतारात आले. मामाने त्या दिवशी पहिल्यांदा मान वर केली.

आता आमच्या वहीत एक नवा रकाना आहे: मोटार कधी बंद केली.

ऑफिसात या प्रकाराचं फारसं कौतुक नाही. "हे बालवाडीचं वर कसं पाठवायचं?" असं विचारलं गेलं. वर पाठवायचे आलेख मी मुकाट्याने सरळ रेघेत करते, आकडे तेच, फाईल तीच, शीट वेगळी. मात्र पॉइंटनंतरचे दोन आकडे तिथूनही काढून टाकलेत. त्यावर अजून कुणी काही बोललेलं नाही.

राहिली भिंत. पाण्याचा ताळेबंद ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवतात, तसा यंदा नाल्याकडच्या विहिरीचा आलेखही रंगवायचं ठरलं. पेंटर मामा औशाहून आले. साठीचे आहेत, आमच्या भागातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. सभेतला तो टांगलेला कागदच त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "प्रिंटर बिघडलाय व्हय ताई? रेघा वाकड्या आल्यात."

मी सांगितलं की मुद्दाम केल्यात. किती रात्री लागल्या तेही सांगितलं.

मामा काही बोलले नाहीत. सुताला नीळ लावली, एक टोक शाळकरी पोराच्या हातात दिलं, ताणलं आणि फटकारलं. भिंतीवर जमिनीची रेघ उमटली, एक्सेललाही लाजवील अशी सरळ. "वाकडी काढली तर लोक म्हणतील मामा घेऊन आला व्हता," एवढंच म्हणाले. माझा सगळा हेलकावा त्यांनी तासाभरात पुसून टाकला. पाण्याच्या रेघेचे तुकडे पाडले, प्रत्येक तुकड्याला सूत लावलं. गवताच्या काड्या तेवढ्या राहिल्या, त्याही समान अंतरावर.

दुसऱ्या दिवशी रंग वाळल्यावर फोटो काढायला गेले. ठिपके बरोबर होते, एकही हललेला नव्हता. आणि एप्रिलच्या जागी मामांनी कागदावर होतं तसंच सगळं घेतलं होतं: माझा काळा ठिपका, त्यावर आक्कांची लाल फुली, आणि परसभर वर नवा लाल ठिपका, ऑइल पेंटमध्ये.